ग्रह हजारो, पण उतरून करायचं काय?

तलवारीचे, गँगस्टरचे, काउबॉयचे ओपन वर्ल्ड गेम्स ढिगाने आहेत. अंतराळात मोकाट भटकू देणारे मात्र मोजकेच. असं का? कल्पनेला कुंपण नाही, जागेला तर अंतच नाही. मग घोडं अडतं कुठे?

रात्रीचा दीड वाजला होता. आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये माझी रूममेट लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली होती. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चार जणांच्या ग्रुपने फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून गेम घेतलेला. सिनॉप्सिसमध्ये ऐटीत लिहिलं होतं, 'संपूर्ण सूर्यमालेत मुक्तपणे फिरता येणारा ओपन वर्ल्ड गेम'. गाईडनी सही करताना एकदा चष्म्यावरून बघितलं आणि "बघा बुवा, झेपतंय का" एवढंच म्हणाले.

त्या रात्री स्क्रीनवरचा अंतराळवीर पृथ्वीवरून निघाला. शंभर किलोमीटर वर गेला तसे त्याचे हात थरथरायला लागले. आणखी वर गेल्यावर हेल्मेट एकीकडे, बूट दुसरीकडे. चंद्राजवळ पोचेपर्यंत माणसाचा पार चिवडा झाला होता.

"याला थंडी वाजतेय का गं?" मी विचारलं. तिला अजिबात हसू आलं नाही. सबमिशनला पाच महिने उरले होते.

मला वाटलं, हिच्या कोडमध्येच काहीतरी झोल असणार. पण नंतर या विषयावर वाचत गेले तसं कळलं, की या थरथरणाऱ्या हातांशी स्पेस गेम बनवणाऱ्या मोठमोठ्या टीम्सनीही झटापट केली आहे. आणि ही तर नुसती पहिली अडचण.

विश्वाच्या मध्यभागी आपणच

गेममध्ये प्रत्येक वस्तूची जागा आकड्यांत साठवलेली असते. मध्यबिंदूपासून इतके मीटर पुढे, इतके मीटर वर, असं. हे आकडे बहुतेक गेम्स ३२ बिटच्या 'फ्लोटिंग पॉइंट' पद्धतीने ठेवतात आणि त्यात साधारण सातच अंक भरवशाचे असतात. सात घरांचं मीटर आहे असं समजा. आकडा लहान असेल तर उरलेली घरं दशांशाला मिळतात, अगदी मिलिमीटरही मोजता येतो. आकडा मोठा झाला की सगळी घरं मोठ्या अंकांनीच भरतात. बारीक मोजायला जागाच उरत नाही.

मध्यबिंदूपासून १०० किलोमीटरवर या पद्धतीत मावणारं सगळ्यात लहान पाऊल सुमारे ८ मिलिमीटरचं असतं. बोटाचं टोक आठ-आठ मिलिमीटरच्या उड्या मारायला लागलं, की हात थरथरताना दिसतो. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तिथे हेच पाऊल ३२ मीटरचं होतं. सूर्याच्या अंतरावर तर थेट १६ किलोमीटरचं. म्हणजे तुमचं पात्र एक तर इथे, नाहीतर एकदम १६ किलोमीटर पलीकडे. मधल्या मध्ये उभं राहायची सोयच नाही.

शहरातल्या गेमला हा ताप नसतो, कारण त्याचा नकाशा काही किलोमीटरचाच. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या रॉकेट बनवायच्या गेममध्ये मात्र सुरुवातीच्या काळात दूरवर गेलेली यानं आपोआप खिळखिळी होऊन तुटायची. खेळाडूंनी या अदृश्य राक्षसाचं बारसंही केलं, 'डीप स्पेस क्रॅकन'.

यावरचा तोडगा मजेशीर आहे. खेळाडूला हलवायचंच नाही. तो कायम शून्यावर उभा, आणि अख्खं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. 'कर्बल'ने हेच केलं, 'आउटर वाइल्ड्स'नेही हेच केलं. कोपर्निकसच्या आधीच्या मंडळींना हे बघून फार बरं वाटलं असतं. 'स्टार सिटिझन'च्या टीमने दुसरा मार्ग घेतला. त्यांनी तयार इंजिनची मोडतोड करून ते ६४ बिटच्या आकड्यांवर नेलं. दोन्ही मार्गांत एक गोष्ट सारखी आहे. पहिला ग्रह रंगवायच्या आधीच पायाचं काम नव्याने करावं लागतं.

माझ्या रूममेटला यात तीन आठवडे गेले. हात थरथरायचे थांबले. अंतराळवीर चंद्रावर नीट उतरला. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. समोर क्षितिजापर्यंत राखाडी जमीन होती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, फिर की."

मी तीन मिनिटं फिरले आणि डबा उघडायला उठले.

जन्मवेळ द्या, ग्रह घ्या

खरी मेख इथे आहे. चंद्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर. म्हणजे १२० हून जास्त महाराष्ट्र एकाला एक जोडले तर होईल एवढं. आणि सूर्यमालेच्या मानाने हा किरकोळ गोळा आहे. एवढी जमीन हाताने कोण भरणार? त्यामुळे स्पेस गेमवाले पहिल्यापासून हे काम मशीनकडे सोपवत आले.

या गोष्टीची सुरुवात आपल्याच वयाच्या दोन पोरांनी केली. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल हे केंब्रिजचे विद्यार्थी. १९८४ मध्ये त्यांचा 'एलिट' आला. बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर, मेमरी फक्त ३२ केबी. आज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'गुड मॉर्निंग'चा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ठिकाणं. व्यापार करा, चाचेगिरी करा, नाहीतर नुसते भटका. कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं.

हे जमलं कसं? त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. पत्रिका मांडणाऱ्याला फक्त जन्मवेळ आणि ठिकाण लागतं. गणित ठरलेलं असतं, त्यामुळे तीच वेळ दिली की दरवेळी तीच पत्रिका निघते. 'एलिट'मध्येही एक बीज-आकडा होता. तो सूत्रातून फिरवला की ग्रहाचं नाव, जागा, सरकार, बाजारभाव सगळं बाहेर यायचं. निघून गेलात की ग्रह पुसला, परत आलात की तोच ग्रह पुन्हा तयार. याला म्हणतात 'प्रोसिजरल जनरेशन'.

या गोष्टीतला पुढचा भाग मला जास्त आवडतो. दोघांचा मूळ बेत ८ नव्हे, तर सुमारे २८२ लाख कोटी आकाशगंगांचा होता. सूत्राला काय, ८ काय आणि लाख कोटी काय, कष्ट तेवढेच. प्रकाशकाने, म्हणजे अ‍ॅकॉर्नसॉफ्टने, हट्टाने तो आकडा खाली आणायला लावला. कारण? एवढ्या आकाशगंगा बघितल्या की खेळाडूला कळेल, हे जग नाही, नुसतं गणित आहे.

चाळीस वर्षांपूर्वीच हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

दहा हजार वाट्या

२०१३ च्या डिसेंबरमध्ये 'नो मॅन्स स्काय'चा ट्रेलर आला आणि इंटरनेट वेडं झालं. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची हेलो गेम्स ही छोटीशी कंपनी. ग्रह किती? १८ वर १८ शून्यं मांडा, तेवढे. प्रत्येक ग्रहाकडे एकच सेकंद बघायचं ठरवलं, तरी सगळे बघायला ५८ हजार कोटी वर्षं लागतील. आपल्या खऱ्या विश्वाचं वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षं.

ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला. पीसीवर एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक खेळत होते. मग ओरड सुरू झाली. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. मल्टिप्लेअर नव्हतंच. पण त्याहून खोल तक्रार वेगळी होती. पाचव्या-सहाव्या ग्रहानंतर सगळं ओळखीचं वाटायला लागायचं. झाडाचा रंग वेगळा, प्राण्याचे पाय वेगळे, पण नवल संपलेलं.

केट कॉम्प्टन या संशोधक 'स्पोअर' या गेमसाठी ग्रह बनवण्याच्या कामात होत्या. या अडचणीसाठी त्या ओटमीलच्या दहा हजार वाट्यांचं उदाहरण देतात. आपण पोहे घेऊ. दहा हजार प्लेट पोहे. प्रत्येक प्लेटमध्ये शेंगदाणे वेगळ्या जागी, कढीपत्ता वेगळा पडलेला. गणिताने बघाल तर एकही प्लेट दुसरीसारखी नाही. खाणाऱ्याला मात्र ते पोहेच.

बेथेस्डासारख्या बड्या स्टुडिओलाही हे चुकलं नाही. त्यांचा 'स्टारफील्ड' सप्टेंबर २०२३ मध्ये आला. कंपनीने २५ वर्षांत पहिल्यांदाच उभं केलेलं कोरं जग, आणि त्यात हजारहून जास्त ग्रह. हाताने बनवलेली शहरं देखणी आहेत. पण निर्जन ग्रहांवर खेळाडूंना तोच तळ, त्याच खोल्या, तीच सामानाची मांडणी पुन्हा पुन्हा भेटली आणि त्यावरून भरपूर टीका झाली. कंपनीच्या बाजूने एक मुद्दा मांडला गेला, की रिकामेपणा मुद्दाम ठेवलाय, चंद्रावर गेलेले अंतराळवीर काही कंटाळले नव्हते.

मुद्दा खोटा नाही. चंद्रावर पाऊल ठेवलेल्या १२ जणांपैकी कुणाला कंटाळा आल्याचं ऐकिवात नाही. पण ते तीन-चार दिवस प्रवास करून गेले होते. पाठीवर मोजका ऑक्सिजन होता. यान परत उडेल की नाही याची खात्री नव्हती. आपण जातो मेन्यूतून. बटण दाबलं, लोडिंग स्क्रीन, उतरलो. तीच राखाडी जमीन त्यांच्यासाठी आयुष्यभराची गोष्ट होती आणि आपल्यासाठी बॅकग्राउंड.

ओपन वर्ल्ड गेम आवडतो तो नकाशा मोठा म्हणून नव्हे. घोड्यावरून दुसऱ्या गावाला निघालात, वाटेत धूर दिसला, वळलात, कुणीतरी मदत मागितली, त्यात दोन तास गेले आणि मूळ काम राहूनच गेलं. मजा त्या वाटेत असते. अंतराळात वाटच नाही. दोन ग्रहांच्या मध्ये आहे ती पोकळी. खरं अंतर ठेवलं तर खेळाडू तासन्‌तास काळ्या पडद्याकडे बघत बसणार. अंतर वगळलं तर उरते नुसती ठिकाणांची यादी. म्हणजे ज्या गोष्टीवर हा प्रकार उभा आहे, तीच अंतराळ आपल्याकडून काढून घेतं.

एकाच्या खर्चात चार गेम

आता खर्चाचं बघू. काउबॉयच्या गेममध्ये चालणं आणि घोडा नीट जमला की बरंच काम झालं. स्पेस गेममध्ये यान चालवायचं, यानातून लढायचं, ग्रहावर उतरायचं, पायी फिरायचं, वजनरहित तरंगायचं, वर प्रत्येक ग्रहाचं गुरुत्वाकर्षण वेगळं. हे सगळे मुळात वेगवेगळे गेम आहेत आणि ते सांधा न दिसता जोडायचे असतात.

त्यात नक्कल करायला समोर काही नसतं. 'जीटीए ५'च्या टीमने लॉस एंजेलिसमध्ये फिरून हजारो फोटो काढले. फुटपाथ कसा दिसतो हे कुणाला शोधून काढावं लागलं नाही. 'स्टारफील्ड' घडतो २३३० मध्ये. तेव्हा दाराची कडी कशी असेल? चहाचा कप? जिन्याचा कठडा? यातली एकेक गोष्ट कुणाला तरी बसून ठरवावी लागते.

त्यामुळे बेत मोठे होतात आणि मग आकसतात. 'मास इफेक्ट: अँड्रोमेडा'च्या टीमने सुरुवातीला शेकडो ग्रह मशीनकडून बनवून घ्यायचं ठरवलं होतं. ते जमेना, तेव्हा बेत गुंडाळून मोजके ग्रह हाताने केले. २०१७ मध्ये गेम आला तेव्हा त्यावर घाईची छाप दिसत होती. ज्यांनी बेत आकसू दिला नाही, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. 'स्टार सिटिझन'साठी क्रिस रॉबर्ट्स यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये लोकवर्गणी मागायला सुरुवात केली. आतापर्यंत ७० कोटी डॉलरहून जास्त जमले आहेत. बारा वर्षं उलटून गेली. लोक तो खेळतात, पण अजून 'अल्फा' म्हणूनच.

असे हिशेब समोर असताना कुठला निर्माता उठून म्हणेल, चला, आपणही एक आकाशगंगा काढू? त्यापेक्षा एक शहर, एक बेट, एक जंगल बरं. म्हणून हे गेम मोजके.

मग जमतं कुणाला?

तरी काहींना जमलंय, आणि प्रत्येकाने पोकळी वेगळ्या गोष्टीने भरली.

आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' २००३ पासून चालू आहे. सात हजारांहून जास्त तारामंडळं. ती भरली खेळाडूंनीच, आपापल्या भांडणांनी. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाचं एका तारामंडळाचं ठरलेलं बिल भरायचं राहिलं. हो, बिल! शत्रूने ते हेरलं आणि २१ तास चाललेल्या लढाईत ७५ 'टायटन' जहाजं बुडाली. खऱ्या पैशांत नुकसान झालं सुमारे तीन लाख डॉलरचं. तिथल्या पोकळीला किंमत आहे, कारण ती कुणाच्या तरी मालकीची आहे.

'नो मॅन्स स्काय'च्या टीमने दुसरा मार्ग धरला. शिव्या खाऊनही ते गेम सोडून पळाले नाहीत. वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत राहिले. २०१८ मध्ये खरं मल्टिप्लेअर आलं. लोक एकमेकांच्या ग्रहांवर घरं बांधायला लागले. ज्या गेमला लोकांनी नावं ठेवली होती, त्याचंच आज कौतुक होतं. मुद्दा ग्रहांच्या संख्येचा नव्हताच. बदललं ते एवढंच, की आता तिथे कुणाचं तरी काहीतरी असतं.

आणि तिसरा 'आउटर वाइल्ड्स'. अ‍ॅलेक्स बीचम यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकताना तो थिसिस म्हणून सुरू केला होता. २०१९ मध्ये तो पूर्ण गेम म्हणून आला आणि २०२० मध्ये बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. त्यात एकच सूर्यमाला आहे. ग्रह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि आकाराने जेमतेम काहीशे मीटरचे. पण एक ग्रह आतून ढासळत असतो. दुसऱ्यावरची वाळू शेजारच्यावर ओतली जात असते. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तुम्हाला नवी बंदूक मिळत नाही, लेव्हल वाढत नाही. मागच्या फेरीत जे कळलं तेवढंच पुढच्या फेरीत हाती राहतं. तिथे उगाच ठेवलेला एक दगडही सापडणार नाही. तरी अंतराळाची भीती, तो एकटेपणा आणि ते नवल, सगळं त्या एवढ्याशा जागेत आहे.

हा गेम मी रूममेटला दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आठपैकी सात ग्रह डिलीट केले. मग पृथ्वीही. ग्रुपमध्ये राडा झाला. एकाचं म्हणणं, शनीच्या कड्यांवर दोन महिने घालवलेत मी. दुसरा प्लेसमेंटच्या तयारीला गेला तो गेलाच. उरलेल्यांनी चंद्राची त्रिज्या ५० मीटर केली.

मे महिन्यात व्हायवा झाला. एक्सटर्नल सरांनी सिनॉप्सिस बघितला, स्क्रीन बघितली.

"यात सूर्यमाला लिहिलीय. बाकीचे ग्रह कुठे आहेत?"

"सर, काढून टाकले."

"का?"

"तिथे करण्यासारखं काही नव्हतं."

सरांनी माऊस स्वतःकडे ओढला. किती मार्क पडले ते अजून कळलेलं नाही. सिनॉप्सिसप्रमाणे काम झालं नाही म्हणून कापलेही असतील.

तो चंद्र आता माझ्या लॅपटॉपवरही आहे. पायी चार मिनिटांत पूर्ण फेरी होते. तीन खड्डे, एक बंद पडलेला रोव्हर आणि कुणाच्या तरी बुटांचे ठसे. ते कुणाचे आहेत हे शोधायला मला सहा फेऱ्या लागल्या. इथे सांगत नाही. ती गेम फुकट टाकणार आहे, तेव्हा स्वतःच फिरून बघा.